कोल्हापूर, आयर्लंड

गुरुनाथ हेर्लेकरने आयरिश व्हायचं ठरवलं ते डनडॉकच्या बसथांब्यावर. पाऊस पडत होता, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा होता, आणि ज्या बसमधून तो कुणीही न सांगता, आपण होऊन उतरला होता ती बस त्याच्या डोळ्यांदेखत बेलफास्टकडे निघून गेली होती.

झालं होतं असं. त्याची थोरली बहीण वृंदाताई इंग्लंडात, लीड्सला, शाळेत गणित शिकवायची. एकटीच राहायची. तिच्या पोटात गाठ निघाली आणि आठवड्याभरात ऑपरेशन ठरलं. डब्लिनहून लीड्स विमानानं जेमतेम तासाभराचं. पण गुरुनाथ बारा वर्षं गॉलवेत राहत असला तरी पासपोर्ट भारताचा, आणि तो घेऊन आयर्लंडातून इंग्लंडात पाऊल टाकायचं तर वेगळा व्हिसा लागतो. त्याला लागतात काही आठवडे. गाठीला हे नियम कुणी सांगितले नव्हते.

तेव्हा पोर्टलीशच्या इस्पितळात डॉक्टर असलेला त्याचा मित्र देवदत्त म्हणाला, "अरे, उत्तर आयर्लंड ब्रिटनचंच, आणि तिथली बॉर्डर म्हणजे नुसती नकाशावरची रेघ. बसनं बेलफास्टला जायचं, तिथून लीड्सचं विमान पकडायचं. कोण विचारतंय?"

देवदत्तचं खरं होतं. बहुधा कुणीच विचारलं नसतं. पण गुरुनाथची नोकरी हृदयात बसवायच्या स्टेंटच्या कारखान्यात, आणि तीही क्वालिटी विभागात. कागदावर एक सही कमी असली तर सबंध माल अडवून ठेवायचा, यासाठी त्याला पगार मिळायचा. असा माणूस बेकायदा रेघ ओलांडायला निघाला, तर रेघेला काही होत नाही, माणसालाच होतं. द्रोहेडा मागे पडल्यापासून त्याला घाम फुटला. रस्ता खणणारे पिवळ्या जाकिटातले कामगारसुद्धा त्याला पोलीस वाटू लागले. सीमेच्या अलीकडचं शेवटचं गाव आलं तसा तो उठून ड्रायव्हरपाशी गेला.

"मला इथंच उतरायचंय."

"तिकीट बेलफास्टचं आहे ना तुमचं?"

"हो, पण कायद्यानं मला तिथं जाता येत नाही."

ड्रायव्हरनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "मी विचारलं होतं का?" तो म्हणाला, आणि दार उघडलं.

ऑपरेशन गुरुनाथशिवाय पार पडलं. व्हिसा आला तोवर ताई घरी येऊन स्वतःचा चहा स्वतः करू लागली होती. "यायची घाई कशाला केलीस?" असं तिनं विचारलं, तेव्हा ती थट्टा करत्ये की खरंच विचारत्ये, हे त्याला कळेना.

आता निश्चय झाला म्हणजे पहिला अपमान आलाच. देवदत्त पाच वर्षांपूर्वी आयरिश नागरिक झाला होता, तेव्हा मराठी मंडळाच्या गणपतीत गुरुनाथने त्याची भर पंगतीत खिल्ली उडवली होती. "आमचा पासपोर्ट निळा, तो निळाच राहणार," असं काहीतरी टाळ्यांचं वाक्यही टाकलं होतं. त्याच देवदत्तला आता अर्ज कसा करायचा हे विचारायचं होतं. देवदत्तनं मागचं काही काढलं नाही. उलट आनंदानं शिकवणी सुरू केली, आणि हा तर फारच मोठा अपमान होता.

दुसरा धक्का घरातच बसला. गुरुनाथची बायको मृणालिनी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिनं अर्ज करायला साफ नकार दिला.

"माझे आईवडील तिकडे आहेत. फोन आला की मला उठून जाता आलं पाहिजे. भारत दोन पासपोर्ट ठेवू देत नाही, हे ठाऊक आहे ना?"

"अगं, ओसीआय कार्ड मिळतं नंतर. आयुष्यभराचा व्हिसाच तो."

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर म्हणजे नंतर," गुरुनाथ म्हणाला. "राहा तू विमानतळावरच्या लांब रांगेत. मी आणि शर्वाणी पुढं जाऊन कॉफी पीत बसू."

शर्वाणी, त्यांची आठ वर्षांची लेक, गॉलवेतच जन्मलेली, म्हणून जन्मानंच आयरिश. तिला मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून निघायचं ते गॉलवेचं इंग्रजी. "आय डोन्ट लाइक कॉफी," एवढंच ती म्हणाली.

मग कागद सुरू झाले. या देशात आपण राहतो याचा दरवर्षीचा पुरावा द्यायचा होता. गुरुनाथने मोठ्या अभिमानानं विजेच्या बिलांची चळत काढली, आणि त्याच्या लक्षात आलं की बारा वर्षं वीज 'जी. हर्ली-कार' नावाचा कोणी गृहस्थ वापरतोय. पहिल्याच दिवशी फोनवर त्यानं नाव सांगितलं होतं, 'हेर्लेकर', आणि पलीकडच्या बाईनं आपल्या कानाला रुचेल ते लिहून घेतलं होतं. हर्ली हे तिथलं घरंदाज आडनाव, शिवाय त्यांच्या राष्ट्रीय खेळातल्या काठीचंही नाव. तेव्हा गुरुनाथला त्याची गंमत वाटली होती. इतकी, की त्यानं ते दुरुस्तच केलं नव्हतं.

आता हेर्लेकर आणि हर्ली-कार हे दोन नसून एकच, असं वकिलासमोर शपथेवर सांगणं आलं. साक्षीला शेजारच्या नोराबाई आल्या. सत्तरी उलटलेल्या, केस नुकतेच सेट केलेल्या, जगातल्या प्रत्येक संकटावर 'ग्रँड', म्हणजे झकास, हा एकच उतारा असलेल्या. गुरुनाथ हे नाव त्यांच्या जिभेवर कधीच बसलं नव्हतं. त्या त्याला गेरी म्हणत.

"या गृहस्थांना तुम्ही ओळखता?" वकिलानं विचारलं.

"गेरीला? ओळखते तर."

वकिलानं कागद खाली ठेवला. "हे तिसरे कोण?"

तो दिवस वाया गेला. पुढच्या खेपेला मृणालिनीनं नोराबाईंकडून 'गुरुनाथ' म्हणायची तालीम करून घेतली. बाई वकिलाच्या दारापर्यंत पुटपुटत गेल्या आणि आत जाऊन 'गुरूनॉट' म्हणाल्या. वकिलानं तेवढ्यावर भागवलं.

त्यानंतर पोलिसांची चौकशी. त्यासाठी जन्मापासूनचे सगळे पत्ते हवेत. गुरुनाथने कोल्हापूरला आईला फोन लावला.

"आई, माझा जन्म झाला तेव्हा आपण कुठं राहत होतो?"

"कुठं म्हंजे? मंगळवार पेठंत. पाटलांच्या माडीवर."

"घराचा नंबर काय होता?"

"नंबर कशाला पायजे? पोस्टमन यायचा की बरोबर."

"पिनकोड?"

"का रं?" आई म्हणाली. "परत जन्माला घालत्यात काय तुला तिकडं?"

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. गुरुनाथ नेतही होता. पण एक अट अशी होती, की अर्जाच्या आधीच्या वर्षात ठरावीक दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहायचं नाही. त्यातले बरेचसे दिवस लीड्सला ताईकडे खर्ची पडले होते. त्या उन्हाळ्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. गुरुनाथ कॅलेंडर घेऊन बसला आणि मग आईला म्हणाला, "यंदा जमत नाही गं."

"नको येऊस," आई म्हणाली. "डोळा झाला की फोनात तरी नीट दिसशील." तिचा टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं.

अर्ज गेला. वर्ष उलटलं. मधे ताईचे केस गेले, परत आले. ती शाळेतही जाऊ लागली. मग एक दिवस फोनवर म्हणाली, "गाठ परत आलीये रे. या खेपेला सहकुटुंब." गुरुनाथचा व्हिसा केव्हाच संपला होता. त्यानं नवा काढला, जाऊन आला, तोही संपला. दर वेळी ताई त्याला स्टेशनवर सोडायला यायची. शेवटच्या खेपेला दारापर्यंत आली.

अखेर किलार्नीहून नागरिकत्वाच्या शपथविधीचं बोलावणं आलं. तिथल्या प्रचंड सभागृहात हजारो माणसं जमली होती. कुणी साडीत, कुणी झग्यात, कुणी भाड्याच्या सुटात. लष्कराचा बँड वाजत होता. सगळ्यांबरोबर गुरुनाथने हात वर करून निष्ठेची शपथ घेतली. व्यासपीठावरचे न्यायमूर्ती म्हणाले, तुमचा आधीचा देश विसरू नका, त्याची गाणी, त्याच्या गोष्टी जपून ठेवा. गुरुनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. भारताच्या कायद्यानं मात्र त्याचा हिशेब त्याच क्षणी मिटवला होता. टाळ्यांच्या गजरात ते ऐकू आलं नाही, इतकंच.

नवा पासपोर्ट हाती पडला त्याच आठवड्यात तो लीड्सला निघाला. डब्लिनपासून त्यानं तो हातात उघडून धरला होता. लीड्सला उतरून बाहेर रस्त्यावर आला तरी कुणी पाहायला मागितला नाही. त्याला थोडं वाईटच वाटलं. निदान एखाद्यानं तरी बघायला हवा होता.

ताई दिवाणखान्यात आणून ठेवलेल्या इस्पितळाच्या खाटेवर होती. उशीला टेकून बसलेली. चेहऱ्यावर चष्माच मोठा दिसत होता.

"आलास? दाखव बघू," ती म्हणाली. तिनं पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. "सोन्याची वीणा आहे रे वर. छान आहे."

"आता केव्हाही येता येईल मला, ताई. सकाळी म्हणालीस की दुपारी हजर."

तिनं पासपोर्ट मिटून त्याच्या हातात दिला. "गुरू, मला घरी ने."

"घरीच आहेस की."

"हे नव्हे रे. कोल्हापूरला. डॉक्टरीणबाई म्हणतात, या आठवड्यात विमानात बसता येईल. पुढचं त्या बोलत नाहीत. मला आईच्या घरी जायचंय. एकटीला जमायचं नाही. तू चल."

गुरुनाथ हो म्हणाला. लगेच म्हणाला. मग न्हाणीघरात जाऊन त्यानं दार लावलं आणि देवदत्तला फोन केला.

"थांब," देवदत्त म्हणाला. "जुना पासपोर्ट कुठं आहे?"

"घरी. स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, डाळीच्या डब्यांमागं." गॉलवेत राहून राहून फडताळाला प्रेस म्हणायची त्यांना सवय झाली होती.

"त्याच्यावर जायचा विचारसुद्धा करू नकोस. गुन्हा आहे. आधी तो परत करायचा, रद्द झाल्याचा दाखला घ्यायचा, मग व्हिसा. तातडीचा मागून बघ. पण वेळ लागणार."

"तू तर म्हणाला होतास, हा पासपोर्ट असला की जग खुलं होतं!"

"जग म्हणालो होतो मी," देवदत्त हळूच म्हणाला. "कोल्हापूर म्हणालो नव्हतो."

जुना पासपोर्ट मृणालिनीनं वकिलातीत जमा केला, आणि गुरुनाथने ताईच्या स्वयंपाकघरात बसून व्हिसाचा अर्ज भरला. धर्म काय, अंगावर ओळखीची खूण काय, आजोबा कुठले, भारतात तुम्हाला ओळखणारं कोण आहे. तिथं त्यानं आईचं नाव लिहिलं. मधेच ताई आतून पाणी मागत होती. सगळं भरून, पाठवून झाल्यावर त्यानं प्रत वाचली. जन्मगाव कोल्हापूर. जन्मदेश आयर्लंड. यादीतून देश निवडताना बोट घसरलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडण्याचा पगार खाल्लेल्या माणसानं स्वतःचं गाव समुद्रापलीकडे नेऊन ठेवलं होतं. तो अर्ज बाद झाला. दुसरा भरला, तो रांगेत मागं गेला.

मार्ग मृणालिनीनं काढला. तिच्याकडे भारताचा पासपोर्ट होता, पण तिला लीड्सला यायला व्हिसा नव्हता. ताईकडेही भारताचाच पासपोर्ट होता. वीस वर्षं इंग्लंडात राहूनही 'रांगेत कोण उभं राहणार' म्हणून तिनं तो बदललाच नव्हता. पण आयर्लंडात यायला तिलाही व्हिसा हवा होता.

"दुबई," मृणालिनी फोनवर म्हणाली. "तू ताईंना मँचेस्टरहून दुबईपर्यंत आण. मी डब्लिनहून तिथं येते. पुढं मी नेते. शर्वाणी नोराबाईंकडे राहील." कॉफीच्या गोष्टीचा तिनं उल्लेख केला नाही. करायला हवा होता, असं गुरुनाथला वाटत राहिलं.

दुबईच्या विमानतळावर, अत्तरांच्या आणि सोन्याच्या दुकानांमधून, त्यानं ताईची चाकाची खुर्ची ढकलत नेली. मुंबईच्या विमानाच्या दारापाशी मृणालिनी उभी होती. तिनं ताईच्या खांद्यावरची शाल सारखी केली, औषधांची पिशवी गुरुनाथकडून घेतली, कुठली गोळी केव्हा ते विचारून घेतलं. भोवती सगळी आपल्याकडची माणसं. खोकी, पोरं, मराठीत चाललेली भांडणं. काउंटरवरच्या मुलीनं तिघांकडे पाहून हात पुढं केला. दोघींचे पासपोर्ट घेतले. गुरुनाथचा पाहिला आणि विचारलं, "व्हिसा?"

"मी येत नाहीये," गुरुनाथ म्हणाला.

ताईनं मान वळवली. "लहानपणी खो-खोत तुला एकदाही धड खो देता आला नाही," ती म्हणाली. "आज बरा दिलास."

तो हसला. ती आत जाईपर्यंत हसत राहिला.

घरी ताईला आठ-दहा दिवस मिळाले. मृणालिनी रोज फोन करायची. आज अंगणात बसल्या. आज आईंच्या हातची पातळ भाजी दोन घास खाल्ली. आज शाळेतल्या मैत्रिणी आल्या होत्या, सगळ्या म्हाताऱ्या, खूप हसल्या. आई आपल्या साठीच्या लेकीला न्हाऊ घालायची आणि केसच नाहीत म्हणून तिच्या डोक्यावरून नुसता हात फिरवायची. गॉलवेला परतलेला गुरुनाथ रोज व्हिसाचं काय झालं ते पाहायचा. प्रक्रिया चालू आहे, असं तिथं लिहिलेलं असायचं.

गुरुवारी सकाळी ताई गेली.

मृणालिनीनं अग्नी दिला. पंचगंगेच्या घाटावर कुणीतरी फोन धरून उभं होतं, पण त्या माणसाला रडू येत होतं आणि फोन कलत होता. गुरुनाथला आधी आभाळ दिसलं, मग कुणाच्या तरी चपला दिसल्या, मग चित्र थिजलं. शर्वाणी त्याच्याशेजारी सोफ्यावर बसली होती.

"बाबा, शुड वी टर्न इट ऑफ?"

"नको," तो म्हणाला. "येईल परत."

दुपारी नोराबाई आल्या. त्यांच्यामागून कोपऱ्यावरच्या घरातलं जोडपं, समोरचा ट्रकवाला, आणि ज्यांच्याशी इतक्या वर्षांत पावसापलीकडे बोलणं झालं नव्हतं अशी सगळी गल्ली. सँडविच, केक, चहाची किटली. घरात मयत नव्हतं, फोटोसुद्धा लावलेला नव्हता. तरी प्रत्येकानं येऊन गुरुनाथचा हात हातात घेतला आणि दुखवट्याच्या तिथल्या रीतीप्रमाणं म्हटलं, "सॉरी फॉर युअर ट्रबल, गेरी." ट्रकवाल्यानं ताईचं नाव विचारून घेतलं आणि दोनदा म्हणून पाहिलं. सगळ्या गल्लीत तेवढं एक नाव त्या दिवशी बरोबर उच्चारलं गेलं.

शुक्रवारी व्हिसा आला. ई-मेल अगदी नम्र होता.

शर्वाणीला पुन्हा नोराबाईंकडे ठेवून तो निघाला, आणि मुंबईला परदेशी लोकांच्या रांगेत उभा राहिला. ती रांग खरोखरच छोटी होती. कोल्हापुरात पोचला तेव्हा आई दारातच बसली होती. नव्या डोळ्यानं त्याच्याकडे बघत म्हणाली, "वाळलास की रं."

दुसऱ्या दिवशी शेजारचे रवींद्रकाका आले. कचेरीतून निवृत्त झालेले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त न झालेली.

"वहिनी, येक सांगायचं ऱ्हायलं," ते घसा खाकरून म्हणाले. "परदेशी पाव्हणा घरात उतरला की घरमालकानं पोलिसास्नी कळवाय लागतंय. हल्ली फोनवरच भरता येतंय. मी भरतो, तुम्ही सांगा."

"परदेशी कोण आलंय?" आईनं विचारलं.

काकांनी गुरुनाथकडे पाहिलं. गुरुनाथ जमिनीकडे पाहत होता. मृणालिनी पटकन म्हणाली, "भरून टाका काका, नुसता नियम आहे."

काका चष्मा सावरून मोठ्यानं वाचू लागले. नाव झालं. पासपोर्टचा नंबर झाला. नागरिकत्व त्यांनी मनातच वाचलं आणि भरलं. "घरमालकाशी नातं?"

"पोटचा हाय माझ्या," आई म्हणाली.

"मुलगा," काका पुटपुटले आणि पुढं गेले. "मुक्काम किती दिवस?"

गुरुनाथचं पुढच्या रविवारचं परतीचं तिकीट होतं. त्यानं तोंड उघडलं, पण आईनं हात वर केला. "त्याला काय इचारतोस? घरमालक मी हाय न्हवं? मी सांगते. लिही, कायमचा."

काकांनी स्क्रीनवर बोट वर-खाली फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. "तसं लिवता येत न्हाई वहिनी ह्यात. आकडाच पायजे."

"मग इचारत्यात कशाला?" आई म्हणाली, आणि गुरुनाथला वाढायला आत गेली.